वाइल्डकॅट काडतूस म्हणजे काय? दुकानात न मिळणाऱ्या काडतुसासाठी अमेरिकेतले शिकारी खास रायफल का बनवून घेतात?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत शिकारीच्या रायफलसाठी दोन नवी काडतुसं साधारण एकाच वेळी बाजारात आली. एकाचं नाव '७ मिमी बॅककंट्री', दुसऱ्याचं '२५ क्रीडमोर'.

पहिलं काडतूस फेडरल या कंपनीने स्वतः विकसित केलं. दुसरं हॉर्नाडी या कंपनीने आणलं, पण त्याची मूळ कल्पना कंपनीची नव्हती. हौशी नेमबाज आणि शिकारी तशी काडतुसं आधीपासूनच घरच्या वर्कशॉपमध्ये बनवत होते आणि त्यांच्यासाठी रायफलही खास तयार करून घेत होते. कंपनीने त्याला अधिकृत रूप दिलं.

कोणत्याही कारखान्यात बनत नाही, दुकानात मिळत नाही आणि ज्याचं अधिकृत माप कुठे नोंदलेलं नाही, अशा काडतुसाला इंग्रजीत 'वाइल्डकॅट' म्हणतात. शब्दशः अर्थ रानमांजर. अमेरिकेत संघटनेला न विचारता केलेल्या संपालाही 'वाइल्डकॅट' म्हणतात आणि तेल सापडेल याची खात्री नसताना खोदलेल्या विहिरीलाही. थोडक्यात, कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता स्वतःच्या जोखमीवर केलेलं काम.

भारतात शिकारीला बंदी आहे आणि घरी काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. मग हा विषय आपण का समजून घ्यायचा? कारण अशा रायफलींचे व्हीडिओ आपल्याही मोबाईलवर येतात, पण त्यामागचं तंत्र, कायदा आणि धोका त्यात क्वचितच सांगितला जातो. शिवाय या गोष्टीचा एक धागा थेट भारतात, १९०७ सालच्या एका सरकारी बंदीपर्यंत येतो.

आधी गोळी आणि काडतूस यातला फरक

बोलताना आपण सरसकट 'बंदुकीची गोळी' म्हणतो. प्रत्यक्षात गोळी हा काडतुसाचा एक भाग असतो.

रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे टोकदार गोळी. तिला धरून ठेवणारी पुंगळी. पुंगळीच्या आत बारूद आणि तळाशी प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, बारूद पेटते, वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. पुंगळी मागेच राहते. पोलिसांना घटनास्थळी सापडतात त्या या रिकाम्या पुंगळ्या.

पुंगळी बहुतेक वेळा पितळेची असते. त्यात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. पितळ दाबाखाली फुगतं, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरला की थोडं आक्रसतं. म्हणून तीच पुंगळी पुन्हा आकार देऊन, पुन्हा भरून वापरता येते. वाइल्डकॅटचा सगळा खेळ पितळेच्या या गुणावर उभा आहे.

आता दाबाचा अंदाज. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. '.३०८ विंचेस्टर' या जगभर वापरल्या जाणाऱ्या शिकारी काडतुसात दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे टायरच्या जवळपास दोन हजार पट. आणि हा दाब बंदूक चालवणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर तयार होतो.

वाइल्डकॅट बनतं कसं?

वाइल्डकॅट सहसा शून्यातून तयार होत नाही. बाजारात मिळणारी एखादी पुंगळी घेतली जाते आणि तिचा आकार बदलला जातो. तिचं तोंड बारीक केलं तर मोठ्या पुंगळीत लहान गोळी बसते आणि वेग वाढतो. तोंड रुंद केलं तर जाड, जड गोळी बसते. काही जण पुंगळी कापून आखूड करतात. काही जण तिचा निमुळतेपणा कमी करून आतली जागा वाढवतात.

या शेवटच्या प्रकाराशी सर्वाधिक जोडलं गेलेलं नाव म्हणजे पी. ओ. ॲकली (१९०३-१९८९). बंदुका बनवणाऱ्या या कारागिराने अनेक प्रचलित पुंगळ्यांच्या बाजू सरळ केल्या आणि खांद्याचा कोन ४० अंशांपर्यंत नेला. त्याच्या काडतुसांच्या नावापुढे आजही 'ॲकली इम्प्रूव्हड' असं लिहिलं जातं.

या बहुतेक काडतुसांची एक सोय आहे. नव्या, थोड्या मोठ्या चेंबरमध्ये जुनं मूळ काडतूस झाडता येतं. ते झाडताना पितळ फुगून नव्या चेंबरचा आकार घेतं. म्हणजे रायफलच साचा बनते.

रानमांजराचं पाळीव मांजर कधी होतं?

आज दुकानात सहज मिळणारी कितीतरी काडतुसं मुळात वाइल्डकॅट होती.

'.३०-०६' हे अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेलं काडतूस. ए. ओ. निडनर या कारागिराने १९२० च्या सुमारास त्याचं तोंड बारीक करून '.२५' चं काडतूस बनवलं. शिकाऱ्यांनी ते जवळपास अर्धं शतक असंच वापरलं. शेवटी १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते '.२५-०६ रेमिंग्टन' या नावाने बाजारात आणलं.

'.२२-२५०' ची गोष्ट तर आणखी गमतीची. १९३० च्या दशकापासून ते वाइल्डकॅट म्हणून लोकप्रिय होतं. १९६३ मध्ये ब्राउनिंग कंपनीने त्यासाठी रायफल विकायला काढली, तेव्हा त्याचं कारखान्यातलं काडतूस बाजारात उपलब्धच नव्हतं. गाडी शोरूममध्ये आणि पेट्रोल मात्र स्वतः तयार करायचं, असा प्रकार. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते काडतूस अधिकृतपणे आणलं.

'.३०० ब्लॅकआउट' हे अलीकडचं उदाहरण. १९९० च्या दशकात जे. डी. जोन्स यांच्या '.३०० व्हिस्पर' या काडतुसातून त्याची कल्पना पुढे आली आणि २०११ मध्ये त्याला अधिकृत माप मिळालं.

हे अधिकृत माप देणारी संस्था म्हणजे 'सामी'. अमेरिकेतल्या बंदूक आणि काडतूस उत्पादकांची ही संघटना १९२६ मध्ये सरकारच्याच सूचनेवरून स्थापन झाली. पुंगळीची लांबी, खांद्याचा कोन, चेंबरचं माप, कमाल दाब हे सगळं ती ठरवून जाहीर करते. त्यामुळे एका कंपनीचं काडतूस दुसऱ्या कंपनीच्या रायफलमध्ये सुरक्षितपणे चालतं. तिचे निकष ऐच्छिक आहेत, पण मोठे उत्पादक ते पाळतात.

वाइल्डकॅट आणि साधं काडतूस यातला खरा फरक इथे आहे. साध्या काडतुसाच्या मापाची आणि दाबाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. वाइल्डकॅटची कोणीही घेतलेली नसते.

अशी रायफल तयार कशी होते?

साधी शिकारी रायफल अमेरिकेत काहीशे डॉलरमध्ये मिळते. वाइल्डकॅटसाठी बनवलेल्या रायफलचा हिशेब वेगळा असतो, कारण तिचा प्रत्येक भाग निवडून घेतला जातो.

पहिला भाग ॲक्शन, म्हणजे काडतूस आत ढकलणारी आणि कुलूपबंद करणारी यंत्रणा. अनेक कारागीर रेमिंग्टन ७०० या १९६२ पासूनच्या रायफलच्या धर्तीवर बनवलेली ॲक्शन वापरतात. जुन्या वळणाचे लोक १८९८ च्या जर्मन माउझरच्या बांधणीला पसंती देतात. नुसत्या चांगल्या ॲक्शनची किंमतच हजार डॉलरच्या पुढे जाते. नळी, दस्ता, चाप, दुर्बीण आणि कारागिराची मजुरी धरली की आकडा कित्येक हजार डॉलरवर पोहोचतो.

दुसरा भाग नळी. नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, त्यामुळे गोळी हवेत न डगमगता सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितकी फिरकी जास्त लागते. म्हणून कोणती गोळी वापरायची हे नळी मागवण्याआधी ठरवावं लागतं.

तिसरी आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे चेंबर. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी जी पोकळी असते, ती 'रीमर' नावाच्या हत्याराने कोरली जाते. प्रचलित काडतुसांचे रीमर तयार मिळतात. वाइल्डकॅटसाठी नकाशा काढून रीमर बनवून घ्यावा लागतो. पुंगळीला आकार देणारे साचेही त्याच मापाचे मागवावे लागतात.

चेंबरमध्ये काडतूस किती घट्ट किंवा सैल बसतं, याला 'हेडस्पेस' म्हणतात. ते तपासण्यासाठी 'गो' आणि 'नो-गो' असे दोन गेज असतात. '.३०८' साठी या दोन गेजमधला फरक साधारण ०.१ मिलिमीटर आहे, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढा. जागा कमी पडली तर ॲक्शन बंद होत नाही. जास्त झाली तर पुंगळी प्रमाणाबाहेर ताणली जाऊन फाटू शकते. प्रचलित काडतुसांचे गेज दुकानात मिळतात. वाइल्डकॅटचं बरोबर माप काय, हे मात्र तो बनवणाराच ठरवतो.

एवढं करून फायदा किती?

वाइल्डकॅटबद्दलच्या उत्साहाला पहिला धक्का साध्या गणिताचा बसतो.

जाणकारांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे. नळीचा व्यास तोच ठेवून पुंगळीतली जागा १० टक्क्यांनी वाढवली, तर गोळीचा वेग साधारण अडीच टक्क्यांनीच वाढतो. बारूद जास्त लागते, धक्का जास्त बसतो, आवाज वाढतो आणि हातात येतो तो जेमतेम एक चतुर्थांश लाभ.

किंमत नळीही मोजते. लहान व्यासाच्या नळीतून खूप बारूद जाळली की तिचा सुरुवातीचा भाग उष्णतेने झिजतो. '६.५-२८४' हे अशाच वाइल्डकॅटमधून पुढे आलेलं, लांबच्या स्पर्धांमध्ये गाजलेलं काडतूस. त्याच्या नळीची स्पर्धेच्या दर्जाची अचूकता साधारण हजारेक फैरींनंतर घसरू लागते. '.३०८' ची नळी कित्येक हजार फैरी टिकते.

शिकारीसाठी वेगाची गरज किती, हाही प्रश्न आहे. मराठी वाचकांना जिम कॉर्बेट माहीत आहेत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्यांना संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी रिग्बी कंपनीची '.२७५' रायफल भेट दिली होती. नाव इंग्रजी असलं तरी ते काडतूस म्हणजे १८९० च्या दशकातलं जर्मन '७×५७ माउझर'. वेगात ते आजच्या वेगवान मॅग्नम काडतुसांच्या मागे आहे. कॉर्बेटना मात्र ते पुरलं, कारण त्यांचा भर प्राण्याच्या जवळ जाण्यावर होता.

मग आत्ता याची एवढी चर्चा का?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण शिसं. परंपरेने गोळीचा गाभा शिशाचा असतो. मारलेल्या प्राण्याच्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडांना विषबाधा होत असल्याचं आढळलं. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. ब्रिटन सरकारनेही जुलै २०२५ मध्ये शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि बदलासाठी तीन वर्षांची मुदत दिली.

शिशाला पर्याय तांब्याचा. पण तांबं शिशापेक्षा हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते आणि ती पुंगळीत खोल बसली की बारुदीची जागा खाते. म्हणून जुन्या पुंगळ्यांचे आकार पुन्हा तपासले जात आहेत. इथे वाइल्डकॅट करणाऱ्यांना काम मिळालं आहे.

दुसरं कारण दूरच्या नेमबाजीची हौस. २००७ मध्ये आलेल्या '६.५ क्रीडमोर' ने लांब, निमुळत्या आणि हवेचा अडथळा कमी घेणाऱ्या गोळ्यांची लाट आणली. घरच्या संगणकावर गोळीचा मार्ग काढून देणारी सॉफ्टवेअर आली, अंतर मोजणाऱ्या लेझर दुर्बिणी स्वस्त झाल्या. पूर्वी जे फक्त मोठ्या कंपनीला जमत होतं, ते आता छोट्या वर्कशॉपमध्येही काही प्रमाणात जमतं.

तिसरं कारण लष्कर. अमेरिकेच्या सैन्याने एप्रिल २०२२ मध्ये ६.८ मिमीच्या नव्या काडतुसाची रायफल निवडली. त्याच्या '.२७७ फ्युरी' या नागरी रूपाची दाबमर्यादा ८०,००० पीएसआय आहे. एवढा दाब पितळेला झेपत नाही, म्हणून पुंगळीचा तळ पोलादी केला गेला. '७ मिमी बॅककंट्री' चीही पुंगळी पोलादी मिश्रधातूची आहे आणि दाब ८०,००० पीएसआयच्या घरात.

हा बदल वाइल्डकॅटच्या परंपरेलाच आव्हान देणारा आहे. पितळेला घरी आकार देता येतो. असल्या पोलादी पुंगळीला घरगुती साच्यात तसा आकार देणं सोपं नाही. यापुढची मोठी झेप कारखान्यातूनच येईल, अशी शक्यता त्यामुळे वाढते.

कायदा बदलला की काडतूस बदलतं

नवं काडतूस दर वेळी वेगाच्या हौसेतून जन्मतं असं नाही. अनेकदा ते नियमातली फट शोधत जन्मतं.

ओहायो, मिशिगन, आयोवा ही अमेरिकेतली सपाट जमिनीची राज्यं. वस्ती आणि शेतं लागून असल्याने तिथे अनेक भागांत हरणाच्या शिकारीसाठी दूर जाणाऱ्या रायफलवर निर्बंध होते. नंतर 'सरळ भिंतीच्या' पुंगळीला, म्हणजे ज्या पुंगळीला खांदा नाही तिला, परवानगी मिळाली. अशा काडतुसाची गोळी तुलनेने लवकर मंदावते. लगेच त्या चौकटीत बसणारी काडतुसं तयार झाली. विंचेस्टरचं '.३५० लेजंड' २०१९ मध्ये आलं ते यासाठीच.

शेजारच्या इंडियानामध्ये काही वर्षं पुंगळीची लांबी जास्तीत जास्त १.८ इंच असावी, असा नियम होता. तिथल्या शिकाऱ्यांनी मोठ्या रायफलच्या पुंगळ्या कापून बरोबर तेवढ्या केल्या. नियमही पाळला आणि ताकदही मिळवली.

हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी भारतात घडली होती. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदानमध्ये '.४५०' व्यासाच्या रायफली आणि काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलचा व्यास तेवढाच होता. शिकाऱ्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडल्या तर त्या लष्करी रायफलींसाठी वापरल्या जातील, ही सरकारची भीती.

पण वाघ आणि हत्तींच्या शिकारीसाठी '.४५०' हाच तेव्हा लोकप्रिय व्यास होता. लंडनच्या बंदूक कंपन्यांनी थोडा वेगळा व्यास असलेली काडतुसं पुढे आणली. '.५००' च्या पुंगळीचं तोंड बारीक करून बनवलेलं '.४७० नायट्रो एक्स्प्रेस' त्यातलंच. आजही आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीत ते चालतं. भारतातल्या एका बंदीने ते जगभर पोहोचवलं.

आपल्याकडच्या '.३१५ बोअर' मागेही असंच कारण आहे. '.३०३' हे लष्कराचं काडतूस असल्याने नागरिकांना मिळत नव्हतं. म्हणून मूळ ऑस्ट्रियन मॅनलिखर बनावटीच्या ८ मिमी काडतुसाच्या रायफली भारतीय बाजारासाठी बनवल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने '.३१५' रायफली बनवणं सुरू ठेवलं. बाकी जगात जवळपास विस्मरणात गेलेलं हे काडतूस भारतात अजून परवानाधारकांच्या घरी दिसतं.

धोका नेमका कुठे?

वाइल्डकॅटमधला सर्वांत मोठा धोका पहिल्या दिवशीचा नसतो, कारण तेव्हा रायफल ज्याने बनवून घेतली त्याच्याच हातात असते. धोका नंतरचा असतो.

कारखान्याचं काडतूस बाजारात येण्याआधी त्याचा दाब संवेदक लावलेल्या खास चाचणी नळीत मोजला जातो. घरी काडतूस भरणाऱ्याकडे सहसा हे साधन नसतं. तो पुंगळीवरच्या खुणा, टोपीचा चपटेपणा यांवरून अंदाज बांधतो. पण दाब जास्त झाल्याच्या खुणा अनेकदा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात.

दुसरा धोका नावांचा. एकाच नावाच्या वाइल्डकॅटचं माप दोन कारागिरांकडे वेगळं असू शकतं. एकाच्या रायफलसाठी सुरक्षित असलेलं काडतूस दुसऱ्याच्या रायफलमध्ये जीवघेणं ठरू शकतं.

अधिकृत काडतुसांमध्येही गफलत होते. '.३०० ब्लॅकआउट' ची पुंगळी '.२२३' च्या पुंगळीपासूनच बनलेली आहे. त्यामुळे काही वेळा त्याचं काडतूस '.२२३' च्या रायफलमध्ये बसतं. पण त्याची गोळी जाड आणि पुढची नळी बारीक. चाप ओढला की रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत आणि अमेरिकेतले जाणकार त्याबद्दल सतत सावध करतात. जिथे मापं छापलेली आहेत तिथे हे होत असेल, तर जिथे छापलेलीच नाहीत तिथली स्थिती समजू शकते.

म्हणून जबाबदार कारागीर नळीवर काडतुसाचं नेमकं नाव कोरतो, रीमरचा नकाशा आणि मापं मालकाला लिहून देतो. मालक गेल्यावर ती रायफल मुलाकडे किंवा नातवाकडे जाते, नाहीतर जुन्या बाजारात विकली जाते. तेव्हा तिची माहिती सांगणारा माणूस नसतो. नळीवरची ती एक ओळ नसेल, तर आजोबांची आठवण म्हणून जपलेली रायफल नातवाच्या चेहऱ्यासमोर फुटू शकते.

आणि प्राण्याचं काय?

वाद फक्त बंदूकधाऱ्याच्या सुरक्षेचा नाही. वेगवान काडतूस हाती आलं की दुरून गोळी झाडण्याचा मोह वाढतो.

समजा, गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. ४०० मीटरवरच्या हरणापर्यंत पोहोचायला तिला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने गोळी सव्वा मीटर खाली येते. हा हिशेब दुर्बिणीत आधीच करता येतो. पण त्या अर्ध्या सेकंदात हरणाने एक पाऊल टाकलं, तर गोळी हृदयाऐवजी पोटात लागते. त्याचा हिशेब कोणतंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. जखमी जनावर मैलभर पळतं आणि तडफडून मरतं.

थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब 'न्याय्य पाठलाग' हे तत्त्व मानतो. प्राण्याला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ. अतिदूरच्या शिकारीवर हा क्लब उघड टीका करतो. म्हणजे हा आक्षेप शिकारविरोधकांचा नाही, शिकाऱ्यांच्या जुन्या संघटनेचा आहे.

अमेरिका आणि युरोपात कायदा काय सांगतो?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. दुकानातून ॲक्शन घेताना ती बंदूकच मानली जाते. तिच्यावर अनुक्रमांक असतो आणि खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जाते.

त्यामुळे अशी रायफल आणि 'घोस्ट गन' एक नव्हेत. घोस्ट गन म्हणजे सुट्या भागांच्या किटमधून जोडलेली, अनुक्रमांक नसलेली बंदूक. अशा किटवर निर्बंध घालणारा २०२२ चा सरकारी नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला.

युरोपात चित्र वेगळं आहे. तिथले अनेक देश 'सीआयपी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सदस्य आहेत. तिची मापं सदस्य देशांत कायद्याने बंधनकारक असतात आणि विक्रीपूर्वी प्रत्येक बंदूक सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासली जाते. जर्मनीत तर शिकारीच्या काडतुसाची ऊर्जाही ठरलेली आहे. लाल हरणासाठी किमान ६.५ मिमी व्यास आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल.

अमेरिकेत आधी प्रयोग होतो, माप मागून ठरतं. युरोपात माप आधी असतं. वाइल्डकॅटची परंपरा अमेरिकेत जास्त फोफावली, त्याचं हे एक मोठं कारण.

भारतात हे शक्य आहे का?

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं या प्रत्येकासाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात.

शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने जवळपास निकालात काढला. माणसाच्या जीवाला धोका झालेला प्राणी किंवा पिकांची नासाडी करणारी रानडुकरं, रोही अशा मोजक्या बाबतींत वनविभागाच्या परवानगीनेच गोळी झाडता येते.

काडतूस निर्मितीशी महाराष्ट्राचा संबंध मात्र जुना आहे. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ चा. लहान शस्त्रांची काडतुसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. एक ठरलेलं माप लाखो वेळा जसंच्या तसं काढणं, हे अशा कारखान्याचं काम. वाइल्डकॅटच्या अगदी उलट.

थोडक्यात सांगायचं तर

'२५ क्रीडमोर' चा प्रवास पाहिला की वाटतं, हौशी माणसांनी कंपन्यांना रस्ता दाखवला. ते खरंही आहे. '.२२-२५०' पासून '.३०० ब्लॅकआउट' पर्यंत हेच घडत आलं आहे. पण या सगळ्या काडतुसांना सर्वसामान्यांसाठी सुरक्षित बनवलं ते त्यानंतर ठरलेल्या मापाने, मोजलेल्या दाबाने आणि पुंगळीच्या तळावर छापलेल्या नावाने.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा अमेरिकन शिकारी व्हीडिओत 'जगात फक्त माझ्याकडेच आहे' असं म्हणत रायफल दाखवेल, तेव्हा त्या वाक्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. जे फक्त एकाकडे आहे, त्याची जबाबदारीही त्या एकट्यावरच आहे. त्याच्यानंतर ती रायफल ज्याच्या हाती पडेल, त्याच्यासाठी नळीवर काय कोरलेलं आहे, हे त्या व्हीडिओत बहुतेक वेळा दिसत नाही.